कार्डावरील जादा आकार आणि ग्राहकाची नाराजी

दागिन्याचे वजन झालेले असते, घडणावळ ठरलेली असते, वस्तू व सेवा कर मिळवून एकूण रक्कम कागदावर मांडली गेलेली असते, आणि ग्राहकाने क्रेडिट कार्ड पुढे करताच दुकानदार सौम्य स्वरात सांगतो, “कार्ड से दो परसेंट अलग लगेगा.” ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सराफा बाजारात हे वाक्य हिंदीत ऐकू येईल, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मराठीत, आशय एकच. सराफी दुकाने, विजेच्या उपकरणांची दुकाने, प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या संस्था अशा अनेक ठिकाणी ग्राहकाला हा अनुभव येतो. एक लाख रुपयांच्या खरेदीवर दोन टक्के म्हणजे दोन हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण ग्राहक रुष्ट होतो तो केवळ रकमेमुळे होतो असे म्हणता येत नाही. सौदा ठरल्यानंतर किंमत बदलली, ही भावना त्याच्या मनात अधिक खोलवर रुतते.

या आकाराचे मूळ काय, तो घेण्याचा दुकानदाराला अधिकार आहे काय, आणि ग्राहकाने अशा प्रसंगी काय करावे, यांविषयी बराच गैरसमज आढळतो. त्यासाठी प्रथम कार्डाचा व्यवहार कसा होतो ते पाहणे उपयुक्त ठरेल.

ग्राहक कार्ड यंत्रावर लावतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. दुकानदाराला यंत्र पुरविणारी बँक त्यातून काही टक्के कापून घेते. बँकांच्या परिभाषेत या कपातीला एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ही कपात सामान्यतः दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते आणि तिच्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर पडतो. कापलेल्या रकमेचे तीन वाटे होतात. मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. एक वाटा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्याचा असतो. उरलेला दुकानदाराच्या बँकेकडे राहतो. एक लाखाच्या विक्रीवर दोन टक्के कपात धरली, तर दुकानदाराच्या हाती ९८ हजार रुपये येतात व त्यातून ३६० रुपये कर आणखी वजा होतो. सोन्याच्या व्यापारात धातूच्या किमतीवर फारसा नफा सुटत नाही, दुकानदाराची मिळकत मुख्यतः घडणावळीवर असते. ही कपात तो आनंदाने सोसेल अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. दुकानदाराची बाजू ती हीच, आणि ती समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचा विचार पुरा होत नाही.

बट्ट्याची जुनी ओळख

पैसा देण्याच्या प्रकारानुसार किंमत कमीजास्त होणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही, आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर मुळीच नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी हलविली आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी पडली, तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या काळी हिंदुस्थानात एकच एक रुपया नव्हता. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी, सुरती असे अनेक रुपये चालत. शिंद्यांच्या राज्यात उज्जैन व ग्वाल्हेर येथील टाकसाळींची नाणी होती. चांदीचा कस, नाण्याचे वजन, त्याची झीज, ते कोठे व केव्हा पाडले गेले, या सर्वांचा विचार करून सराफ त्याचे मोल ठरवी आणि जे उणे भरेल तो बट्टा. दूरच्या पेठेत पैसे पाठवावयाचे तर हुंडी, आणि हुंडीवर हुंडणावळ. शिपायाला पगार कोणत्या नाण्यात मिळाला यावर त्याच्या घरी किती धान्य येणार हे अवलंबून असे. १८२७ ते १८३३ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांची सावकारी व्यवहारातील जाणकारी प्रसिद्ध आहे. राज्य आणि पेढी यांचे नाते तेव्हा किती निकटचे होते हे त्यावरून दिसते.

बट्टा कोणालाही प्रिय नव्हता. या शब्दाला मराठीत डाग किंवा उणेपणा हाही अर्थ आहे, यातच लोकांचे मत उमटलेले आहे. तथापि बट्ट्यामागे काहीतरी दिसण्याजोगे कारण असे. नाणे झिजलेले आहे, चांदी हिणकस आहे, हे तराजूवर दाखविता येई. बट्ट्याचा भाव पेठेत माहीत असे आणि रुपये मोजण्यापूर्वीच त्याची बोलणी होत. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखात चालू केला तेव्हा तेथील बट्ट्याचा पाया ढासळू लागला. संस्थानी टाकसाळी मात्र पुढेही काही काळ चालू राहिल्या. एकच चलन सर्वत्र पूर्ण मोलाने चालावे आणि ते चालविण्याचा खर्च सरकारने उचलावा, हे तत्त्व तेव्हापासून हळूहळू रुजले. आजचा ग्राहक दुकानात शंभर रुपयांची नोट देतो तेव्हा ती शंभराचीच धरली जाते. नोट छापण्याचा, वाहून नेण्याचा, फाटकी नोट बदलून देण्याचा खर्च त्याच्या बिलावर चढत नाही. कार्डाच्या वेळी मात्र जुना बट्टा नव्या वेषात परत आल्यासारखे त्याला वाटते. त्याच्या कार्डातील रुपया झिजलेला नसतो. मग उणे काय भरले, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

नियम काय सांगतात?

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवावयास हवा. सर्व कार्डे नियमांच्या दृष्टीने सारखी नाहीत.

डेबिट कार्डाविषयी स्थिती स्पष्ट आहे. काही दुकानदार डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून टक्केवारीने जादा रक्कम घेतात, असे आढळून आल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविले की, अशी आकारणी समर्थनीय नाही, बँक व दुकानदार यांच्यातील करारान्वये ती अनुज्ञेयही नाही, आणि असे करणाऱ्या दुकानदाराशी बँकेने संबंध संपवावा. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये काढलेल्या व १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आदेशाने डेबिट कार्डावरील कपातीस कमाल मर्यादा घातली गेली. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे अशा छोट्या दुकानदारांसाठी यंत्रावरील व्यवहारास ०.४० टक्के व एका व्यवहारास जास्तीत जास्त २०० रुपये, इतरांसाठी ०.९० टक्के व जास्तीत जास्त १,००० रुपये. दुकानदार ही कपात ग्राहकावर लादणार नाही याची दक्षता बँकांनी घ्यावी, असेही त्याच आदेशात नमूद होते. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील ही कपात शून्यावर आणण्यात आली. म्हणजेच या दोन साधनांपुरते, १८३५ नंतर नाण्याच्या बाबतीत जे घडले तेच पुन्हा घडले. साधन चालविण्याचा खर्च दुकानदाराकडून वा ग्राहकाकडून वसूल होईनासा झाला. तो खर्च नाहीसा झालेला नाही, बँका आणि सरकार यांनी तो उचलावयाचा आहे, ही गोष्ट वेगळी.

क्रेडिट कार्डाचे मात्र तसे नाही. त्यावरील कपातीस रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाप्रमाणे कमाल मर्यादा घातलेली नाही. २०१३ व २०१७ च्या आदेशांतील मनाईचे शब्द डेबिट कार्डापुरते आहेत. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुकानदारावर बंधन असते ते मुख्यतः त्याने बँकेशी केलेल्या कराराचे. आणि तो करार ग्राहकाच्या दृष्टीस कधी पडत नाही. ‘कार्डावर आकार घेणे बेकायदेशीर आहे’ असे ग्राहक ठासून सांगतो व ‘तसा नियम दाखवा’ असे दुकानदार उलट म्हणतो, त्या वादात दोघांच्याही हाती निम्मेच सत्य असते.

शासकीय कार्यालयेही या बाबतीत निर्दोष होती असे नाही. निरनिराळे विभाग व उपक्रम कार्डाने भरणा करणाऱ्याकडून अधिभार, सेवा आकार, सुविधा शुल्क अशा नावांनी रक्कम घेत. ती पद्धत बंद करण्याच्या दिशेने केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय घेतला. तरीही सुविधा शुल्क हा प्रकार पुरता गेलेला नाही. रेल्वेच्या संकेतस्थळावरील तिकिटांचे सेवा शुल्क नोव्हेंबर २०१६ मध्ये माफ झाले व १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा सुरू झाले. त्या वेळी बिगरवातानुकूल वर्गासाठी १५ व वातानुकूल वर्गासाठी ३० रुपये असा दर ठेवण्यात आला, यूपीआयने पैसे देणाऱ्यास मात्र अनुक्रमे १० व २० रुपये. ग्वाल्हेरहून मुंबईचे तिकीट काढणारा प्रवासी या १५ किंवा ३० रुपयांबद्दल सहसा भांडत नाही. आकडा ठरलेला आहे, तो सर्वांना सारखा आहे आणि पैसे देण्यापूर्वी दिसतो.

सूट आणि आकार

नावात काय आहे, असे म्हटले जाते. या प्रश्नात नावातच पुष्कळ काही आहे. दुकानदाराने वस्तूची किंमत १०२ रुपये सांगून रोखीने घेणाऱ्यास दोन रुपयांची सूट दिली काय, किंवा १०० रुपये सांगून कार्डाने घेणाऱ्यावर दोन रुपये चढविले काय, हिशेब एकच. ग्राहकाची प्रतिक्रिया मात्र अगदी भिन्न. सूट मिळाली नाही तर मनुष्य थोडा हळहळतो. आकार पडला तर त्याला आपले काही हिरावून घेतल्यासारखे वाटते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या निबंधात नेमके क्रेडिट कार्डाचेच उदाहरण दिले होते. रोख व कार्ड यांच्या किमतीत फरक ठेवावयाचाच असेल तर त्याला ‘रोखीची सूट’ म्हणावे, ‘कार्डाचा अधिभार’ म्हणू नये, असा तेथील कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने १९७६ पासून अधिभारास बंदी घातली होती, रोखीच्या सुटीस मात्र मुभा होती. ती बंदी १९८४ मध्ये संपली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे पटण्यास ग्रंथ वाचण्याची गरज नाही, ग्वाल्हेरच्या मेळ्यात एक फेरी पुरे.

माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा हिवाळ्यात भरतो. काही वर्षी मध्य प्रदेश शासनाने या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या करात ५० टक्के सूट दिली आणि त्या सुटीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतूनही गिऱ्हाईक लोटले. समजा, एखादे कुटुंब अशा वर्षी मोटार घ्यावयास आले. करातील सुटीने त्यांचे हजारो रुपये वाचणार आहेत. नोंदणीसाठी ५० हजार रुपये कार्डाने देऊ लागताच विक्रेत्याने एक हजार रुपये जादा सांगितले. वाचलेल्या हजारो रुपयांचा आनंद या एका हजाराने झाकोळतो. घरी परतताना बोलणे होते ते त्या हजाराचे. विक्रेत्याने तेच हजार रुपये आधीच किमतीत धरले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. हे व्यापाऱ्यांनाही कळते. म्हणूनच मोठी दुकाने बहुधा कार्डाची कपात किमतीतच मिळवून मोकळी होतात आणि आकार मागण्याची पाळी बहुतेक अशा दुकानदारावर येते, ज्याचा नफा बारीक आहे आणि ज्याचा भाव शेजारच्या दुकानाशी रोज ताडून पाहिला जातो.

ग्राहकाची नाराजी सर्वत्र सारखीच प्रकट होत नाही. कोणी कार्ड परत खिशात घालून यूपीआयने पैसे देतो. कोणी जवळच्या एटीएमकडे जातो. कोणी वाद घालतो. पुष्कळ जण मुकाट्याने पैसे देतात आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाहीत. या शेवटच्या प्रकारच्या ग्राहकाची दुकानदाराला गणतीच लागत नाही, आणि खरे नुकसान तेथेच होते. रोखीचा मार्ग सर्वांनाच मोकळा आहे असेही नाही. २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई केली आहे; लग्नाच्या दागिन्यांची खरेदी ही मर्यादा सहज ओलांडते.

ही नाराजी संघटितपणे व्यक्त झाल्याचा प्रसंग जानेवारी २०१७ मधील आहे. नोटाबंदीनंतर लोकांना कार्ड वापरण्यास उत्तेजन दिले जात होते, पेट्रोलवर डिजिटल भरण्यासाठी ०.७५ टक्के सूटही होती. आणि त्याच वेळी काही बँकांनी पेट्रोल पंपचालकांकडून एक टक्का कपात घेण्याचे ठरविले. लिटरमागे ठरावीक दलालीवर चालणाऱ्या पंपचालकांनी ९ जानेवारीपासून कार्डे न स्वीकारण्याचे जाहीर केले. आदल्या रात्रीच हा निर्णय १३ जानेवारीपर्यंत पुढे ढकलण्यात आला आणि पुढे ग्राहकावर व पंपचालकावर हा भार पडणार नाही असे केंद्र सरकारने सांगितले. या प्रसंगी कपातीची टक्केवारी साऱ्या देशात चर्चिली गेली. एरवी ती दुकानदार व बँक यांच्यातच राहते.

परदेशांतही याविषयी एकमत नाही. ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डावर अधिभार घेण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने उलट २००३ पासून दुकानदारांना अधिभाराची मोकळीक दिली होती. कार्डाची खरी किंमत ग्राहकाला दिसली तर तो स्वस्त साधन निवडील, असा त्यामागील विचार. पुढे काही व्यापारी प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक वसूल करू लागले आणि २०१६ मध्ये अवाजवी आकारास आळा घालण्याचे नियम आणावे लागले.

भार अखेर कोणावर?

आकार घेण्यास सरसकट बंदी केली की प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. बंदी असेल तेथे दुकानदार कपातीची रक्कम सर्व वस्तूंच्या किमतीत वाटून टाकतो. मग रोख पैसे मोजून साबण आणि तेल घेणारी मोलकरीण आणि कार्डाने तेच घेऊन बक्षिसाचे गुण मिळविणारा बँकेचा खातेदार, दोघेही सारखीच वाढीव किंमत देतात. खातेदाराला त्यातले काही गुणांच्या रूपाने परत मिळते, मोलकरणीला काहीच मिळत नाही. हा अन्याय कोणाच्या नजरेस येत नाही, त्यामुळे त्यावर तक्रारही होत नाही. वाढीव आकाराविरुद्ध बोलणाऱ्या ग्राहकाने ही बाजूही विचारात घ्यावी.

त्याने स्वतःचाही हिशेब पाहावा. क्रेडिट कार्डाने त्याला सुमारे ४५ दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते असे धरले, तर दोन टक्के आकार देऊन ती मुदत घेणे म्हणजे वर्षाला १६ टक्क्यांहून अधिक दराने उसने घेणे होय. देय तारखेस पूर्ण रक्कम भरली नाही तर अनेक कार्डांवर दरमहा तीन टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागते, ते वेगळेच. गुण मिळावेत म्हणून दोन टक्के आकार देणारा ग्राहक बहुधा तोट्यातच जातो.

खरेदीपूर्वीच ‘कार्ड चालते काय व त्यावर काही वेगळे लागते काय’ असे विचारणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. दर ठरण्यापूर्वी हे कळले तर तेवढ्यापुरती घासाघीस करता येते. सराफ घडणावळीत थोडे कमी करून ही रक्कम सोडून देतात असेही पुष्कळदा घडते. आकार द्यावाच लागला तर तो बिलावर स्वतंत्रपणे लिहून मागावा. विक्रीच्या वेळी विक्रेता घेत असलेली अशी आनुषंगिक रक्कम विक्रीच्या मूल्यातच धरली जाते व तिच्यावर वस्तू व सेवा करही लागतो. म्हणूनच ती बिलावर लिहिण्यास काही दुकानदार कां कूं करतात आणि लेखी मागणी होताच कित्येकदा आकारच सोडून देतात. छापील कमाल किंमत असलेल्या वेष्टनबंद वस्तूंची गोष्ट निराळी. ती किंमत सर्व करांसह असते आणि तिच्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. कार्डाचे निमित्त सांगून एकूण रक्कम छापील किमतीच्या वर नेली असेल तर ग्राहकाने वैधमापन कार्यालयाकडे दाद मागावी.

डेबिट कार्डावर किंवा यूपीआयवर जादा पैसे घेतले गेले असतील तर दुकानाच्या यंत्रातून निघालेली पावती जपून ठेवावी. दुकानदाराच्या बँकेचे नाव बहुधा त्या पावतीवरच छापलेले असते. तक्रार प्रथम त्या बँकेकडे व आपल्या बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दुकानदाराविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते, किंवा ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगापुढे नेता येते. दोन्ही ठिकाणी प्रथम मागितले जाते ते बिल. आकाराची रक्कम बिलावर नसेल, तर बिलातील एकूण रक्कम आणि यंत्राच्या पावतीवरील रक्कम यांतील फरक हाच पुरावा असतो. म्हणून दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवावेत. यंत्राच्या पावतीवरील शाई काही महिन्यांत पुसट होते, तेव्हा तिचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवणे बरे.